डाव्या चाकाचा प्रश्न

ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थडथडायचं, आणि घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की दोष मनीषाच्या पायाचा आहे.

मखमलाबादला तिच्या वडलांचा, पुंजारामचा, झेंडूचा आणि गुलाबाचा मळा होता. रोज सकाळी मनीषा पांढऱ्या गाडीत फुलांची क्रेट भरायची, नाशिकच्या बाजारात उतरवायची आणि तशीच पुढे गंगापूर रोडवर कॉलेजात जायची. एमएस्सी झाल्यावर ती तिथं फिजिक्सच्या प्रयोगशाळेत शिकवायला लागली होती. पौर्णिमेला मात्र गाडी तिचा मोठा भाऊ ज्ञानेश चालवायचा. मळ्यातल्या फुलांचा हार घेऊन पुंजाराम आणि आई नवसाबाई त्याच्यासोबत सप्तशृंगीच्या गडावर जायची.

वाळू मिस्त्रीनं ब्रेकचे पॅड बदलून दिले होते. एकदा पुढच्या चाकांच्या डिस्क, म्हणजे पॅड ज्यांना आवळतात त्या चकत्या, लेथवर घासूनही आणल्या होत्या. तेव्हा थरथर पार गेली, आणि मग एके दिवशी पुन्हा आली.

"ही सारखी ब्रेकवर पाय ठेवून चालवती," ज्ञानेश जेवताना म्हणाला. "आण्णा, हिला आपली बसच बरी. फुलं मी नेत जाईन."

"तू? आन् पहाटं?" नवसाबाई म्हणाली. "तुला उठवायला कोंबड्याला आधी उठावं लागंल."

पुंजाराम हसला नाही. "रविवारी वाळूकडं जाऊ. मनेच्या चालवण्यानं होत असंल तर चावी ज्ञानेशकडं. नसंल तर तिच्याकडंच. आता यावर जेवणात बोलणं नको."

मनीषाला ही अट आवडली. तिच्यात मेख नव्हती; खरं काय ते शोधायचं होतं, आणि शोधणं तिला जमत होतं.

रविवारी सकाळी तिनं वडलांना शेजारी बसवलं, ज्ञानेशला मागं, आणि गाडी गंगापूर धरणाच्या रस्त्याला घातली. रस्ता मोकळा मिळाल्यावर तिनं वेग वाढवला.

"आता काही थरथरतंय का?"

"नाय," पुंजाराम म्हणाला.

"म्हणजे चाकांचं बॅलन्सिंग नाही. ते असतं तर ब्रेक न दाबताही कळलं असतं." तिनं हलकेच ब्रेक दाबला. पेडल पायाला लाथा मारायला लागलं, स्टीअरिंगही हातात थरथरलं. "आता हात लावून बघा."

पुंजारामनं एक हात स्टीअरिंगवर टेकवला. "म्हस लाथा झाडती तसं करतंय."

"आता पेडलला हात नाही, पाय नाही, काहीच नाही." तिनं पाय काढून घेतला, हँडब्रेकचं बटण अंगठ्यानं दाबून धरलं आणि तो हळूहळू वर ओढला. गाडीचा वेग कमी होत गेला, पण एवढीशीही थरथर झाली नाही. "हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. म्हणजे मागची चाकं सुटली. जे काय आहे ते पुढं."

"पुढं हाय हे वाळूनं पण सांगितलं असतं," ज्ञानेश मागून म्हणाला.

"वाळूनं सांगितलं नव्हतं ना पण," पुंजाराम म्हणाला.

वाळू मिस्त्रीचं गॅरेज पेठ रोडला होतं. मनीषानं पिशवीतून प्रयोगशाळेचं डायल गेज, केसाएवढा फरकही काट्यावर दाखवणारं मोजमापाचं हत्यार, काढलं, तेव्हा तो हात पुसत जवळ आला.

"काय ताई, गाडीचा ताप मोजता का?"

"गाडीचा वाकडेपणा मोजते. चाक काढा."

वाळू बोलायला फटकळ, पण नवीन हत्यार बघायची त्याला भारी हौस. त्यानं स्वतःच गेज घट्ट बसवून दिलं, टोक डिस्कला टेकवलं आणि डिस्क हातानं हळूहळू फिरवली. उजव्या बाजूला काटा जवळपास जागचा हलला नाही. डाव्या बाजूला मात्र तो फेरीगणिक पुढं जायचा आणि मागं यायचा.

"डिस्क वाकली," वाळू म्हणाला.

"किंवा डिस्क जिच्यावर बसते ती हब." मनीषानं डिस्कवर खडूनं खूण करायला लावली, डिस्क काढून थोडी फिरवून पुन्हा बसवायला सांगितली. काटा आता दुसऱ्या जागी हलायला लागला, पण खुणेशी त्याचं अंतर तेवढंच राहिलं. वाकडेपणा डिस्कबरोबर फिरला होता. हब सरळ होती.

ज्ञानेशनं टाळी वाजवली. "झालं! ब्रेक दाबून दाबून डिस्क तापवली, तापून वाकली. दाबणारी कोण?"

"दादा, पेडल किती?"

"एक."

"मग मी दाबलं तर दोन्ही चाकांना सारखंच दाबलं जाणार. एकटी डावीच का वाकली?"

उत्तर वाळूनं दिलं. "डाव्याचा कॅलिपर जाम असंल. पॅड चिकटून राहिले की तीच बाजू तापणार."

हे मात्र शक्य होतं. कॅलिपर खरंच जाम असता, तर ज्ञानेश तोही तिच्याच नावावर लावायला मोकळा होता. वाळूनं कॅलिपरचा पिस्टन मागं दाबून पाहिला, सहज सरकला. दोन्ही बाजूंचे पॅड शेजारी शेजारी ठेवले, सारखेच झिजलेले.

"जाम नाय," वाळूनं कबूल केलं. "मग काय, डाव्या चाकाला कुणाची नजर लागली?"

मनीषा गॅरेजच्या पायरीवर बसली. डिस्क घासून आणल्यावर आपण कितीतरी दिवस रोज गाडी नेली, बाजारातल्या गर्दीत, सिग्नलला. पेडल गार पाण्यासारखं शांत होतं. थरथर आली ती पौर्णिमेनंतरच्या सकाळी. त्याच्या आधीच्या वेळीही पौर्णिमेनंतरच.

"दादा, गडावर जाता तेव्हा काय होतं?"

"काय होतंय? दर्शन होतंय."

"आण्णा, डिस्क परत घासून घेऊ. येत्या पौर्णिमेला मीही येते. चालवू दे दादालाच, नेहमी चालवतो तशी. कुणी काही बदलायचं नाही."

पुंजारामनं लेकीकडं जरा रोखून पाहिलं. "मग चावीचा निकाल?"

"गड उतरल्यावर."

पौर्णिमेला मनीषा आईबरोबर मागं बसली. जाताना तिनं मुद्दाम ब्रेक दाबून पाहायला लावला. पेडल शांत होतं. दर्शन झालं, हार देवीपुढं पोचला, आणि ज्ञानेश गाडी न्यूट्रलमध्ये टाकून घाट उतरायला लागला. इंजिनाचा आवर नाही, म्हणून वळणागणिक ब्रेक. जळका वास यायला लागला तेव्हा नवसाबाईनं पदर नाकाला लावला.

"न्यूट्रलमध्ये का?" मनीषानं विचारलं.

"पेट्रोल वाचतं. तूच म्हणाली ना, नेहमीसारखं चालव."

पायथ्याला नांदुरीत ज्ञानेशनं गाडी डाव्या कडेला लावली आणि चहाच्या टपरीकडं निघाला. पुंजाराम उतरला. पायाजवळचा पाण्याचा कॅन त्यानं उचलला, टोपी सारखी केली आणि हात जोडले. मग पुढच्या डाव्या चाकाशी वाकून त्यानं कॅनचं झाकण फिरवलं.

मनीषाला सगळं एकदम कळलं. आजोबा बैलगाडीनं गडावर यायचे, उतरल्यावर बैलांच्या खुरांवर पाणी घालायचे, हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. बैल गेले, चाकं आली. आण्णा डावीकडून उतरत, म्हणून डाव्या चाकाला भरून पाणी. बाकीच्यांना उरलेलं, ओंजळीतलं. उत्तर समोर होतं, आणि ते वडलांच्या हातात होतं. गप्प राहिलं तर उद्या पेडल थरथरणार आणि चावी जाणार. बोललं तर देवीच्या वाटेवर बापाचा हात धरावा लागणार.

ती उतरली आणि तिनं हात धरला.

"आण्णा, थांबा."

"पाणी घालू दे. मग बोल."

"आधी चार थेंब घाला. माझ्यासाठी."

पुंजारामनं कपाळाला आठ्या घातल्या, पण बोटं भिजवून चाकाच्या भोकातून आत शिंपडली. चर्र करून आवाज आला आणि वाफेची बारीक शेंडी वर आली. पुंजाराम दचकून मागं सरला.

"आगं बाई," नवसाबाई खिडकीतून म्हणाली. "तापला तवा मी कधी मोरीत टाकत नाय. तडकतो."

"हिथं तडकत नाही, वाकतं," मनीषा म्हणाली. "एका बाजूनं एकदम गार होतं ना, म्हणून. आण्णा, पाणी घालू नका असं मी म्हणत नाही. आत्ता घालू नका."

भाविकांची एक जीप शेजारून निघून गेली. ज्ञानेश चहाचे ग्लास घेऊन आला आणि वडलांच्या हातातला भरलेला कॅन बघून थबकला.

"माझा बाप," पुंजाराम सावकाश म्हणाला, "गाडी उभी केली की आधी जू काढायचा. बैल सावलीला बांधायचा. त्याचा दम खाली बसला, नाकपुड्या गप झाल्या, मग खुरांना पाणी. धापा टाकणाऱ्या जनावराच्या अंगावर पाणी घातलं असतं तर त्यानं मला चाबूक मारला असता." त्यानं झाकण फिरवून घट्ट केलं. "आन् मी हिला जुंपलेलीच न्हाऊ घालत होतो."

"बैल न्यूट्रलमध्ये पळवायचे नाहीत ना पण आजोबा?" मनीषानं भावाकडं पाहिलं.

"ए, माझं नाव कशाला मधी?" ज्ञानेश म्हणाला. "पाणी मी घातलं का?"

"तापवली तू, भिजवली म्या," पुंजाराम म्हणाला. "मनेनं काय केलं ते सांग."

ज्ञानेशनं चहाचा ग्लास तिच्यापुढं केला.

ते टपरीच्या बाकावर बसले. नवसाबाईनं प्रसादाचे पेढे वाटले. मधूनमधून मनीषा उठून चाकाजवळ हात नेऊन बघत होती. धग गेली तेव्हा तिनं वडलांना खूण केली. पुंजाराम डावीकडून सुरू करून चारी चाकांना सारखंच पाणी घालत गेला, आणि उजव्या मागच्या चाकाशी येऊन त्यानं हात जोडले.

ज्ञानेश चालकाच्या दाराकडं वळला.

"मागं बस," पुंजाराम म्हणाला. "उद्या तिला पहाटं जायचंय, तिच्या हातातली गाडी मला बघू दे."

वणी मागं पडल्यावर सरळ रस्ता लागला. "दाब बरं," पुंजाराम म्हणाला. मनीषानं ब्रेक दाबला. वेग एकसारखा कमी होत गेला, पेडल पायाखाली निवांत होतं. पुंजारामनं स्टीअरिंगवर हात टेकवून खात्री केली, मान डोलावली, आणि दिंडोरी यायच्या आत त्याला डुलकी लागली.