नऊ दिवसांचं वेळापत्रक

मिनिटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बस डेपोत पस्तीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं आखली, म्हणून चालकांनी ठेवलेलं. निवृत्तीला दोन वर्षं झाली, तरी नाव आणि खोड दोन्ही अंगाला चिकटलेलीच होती.

त्यांची बायको मोठ्या दवाखान्यात परिचारिका. तिला शेजारीपाजारीही सिस्टरच म्हणत. दिवसभर वॉर्डात "सिस्टर, सलाईन संपलं," "सिस्टर, उशी," आणि घरात पाऊल टाकलं की "अगं, माझा चष्मा!" हाका ऐकून तिचे कान किटले होते. चार महिन्यांपूर्वी तिने वॉर्डातल्या कॅलेंडरवर मोरोक्कोच्या वाळवंटाचं चित्र पाहिलं आणि घरी येऊन म्हणाली, "इथे जाऊ या. हाक मारायला एक माणूस दिसत नाही." तीस वर्षांच्या संसारात तिने तोंड उघडून मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मिनिटराव लगेच कामाला लागले.

आज ती ड्यूटीवरून आली ती सुजलेल्या पायांनीच. खुर्चीत टेकते न टेकते, तोच मिनिटरावांनी समोर चार कागद जोडून केलेला तक्ता पसरला.

"नऊ दिवस. एक मिनिट फुकट जाणार नाही!"

तक्त्यात रकाने होते : चालक, वाटाड्या, उंटवाला, मी, ही. चालकाला दर चार तासांनी अर्धा तास विश्रांती. झोप झाल्याशिवाय चालकाला गाडीवर बसवायचं नाही, यासाठी हा माणूस डेपोत साहेबांशी हमरीतुमरीवर आला होता. त्याला निर्दयी कोण म्हणेल? सिस्टरने शेवटचा रकाना वाचायला घेतला. ५.४० उठणे. ५.५० चहा करणे. ६.०० माझ्या गोळ्या काढून देणे. ६.१० बॅगा भरणे. दुपारी कपडे धुणे. संध्याकाळी सूर्यास्त पाहणे, त्याआधी थर्मास भरून ठेवणे.

"अहो, उंटालासुद्धा दुपारी दोन तास दिलेत."

"ऊन असतं ना गं. मुकं जनावर ते."

"आणि मी?"

"तुझं काय? तू तर सोबतच आहेस."

एरवी ती हसून उठली असती. आज तेवढंही बळ नव्हतं.

"मग तुम्हीच जाऊन या. मला नाही यायचं. कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच. ती बघायला विमानात कशाला बसू?"

ती चिडली असती तर त्यांनी समजूत काढली असती. पण ती इतकं शांतपणे बोलली की मिनिटराव घाबरले. त्यांनी तो रकाना बोट ठेवून, वरपासून खालपर्यंत, दुसऱ्या कुणी लिहिल्यासारखा वाचला. कान लाल झाले. मग खोडरबर घेऊन ते बसले. सगळं खोडलं आणि प्रत्येक दिवसापुढे लिहिलं : रजा. तिची कामं स्वतःच्या रकान्यात, जागा मिळेल तिथे, बारीक अक्षरात कोंबली.

"बदली कामगार मिळाला," ते म्हणाले. "अनुभव शून्य, पण वेळेवर येतो."

सिस्टरला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही. तिने दोन्ही येऊ दिलं. नऊ दिवस आपल्याला कुणी हाक मारणार नाही! तिचं बोट एकेका रजेवरून खाली गेलं. नववा दिवस, संध्याकाळी सहा, घरी पोहोचणे. तिथे कागद संपला.

"आणि दहाव्या दिवशी?"

"दहाव्या दिवशी आपण घरी असू की."

"हो ना. तेच विचारतेय."

मिनिटराव उठले, ओट्याशी गेले आणि चहाचं आधण ठेवलं. साखर कुठल्या डब्यात आहे ते विचारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. मग ते एकेक डबा उघडून बघत राहिले.