डोळ्यातला 'म'

दूर दक्षिणेच्या समुद्रात, सांतो या मोठ्या बेटाच्या किनाऱ्यासमोर आमचं छोटं बेट. आमच्या भाषेत डोळा आणि साप यांत फरक फक्त एका 'म'चा. जिभेचं टोक बाहेर काढून वरच्या ओठाला लावलं आणि 'म' म्हटलं, तर डोळा. ओठ मिटून म्हटलं, तर साप. हल्लीच्या पोरांना हे जमत नाही आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही.

माझ्या धाकट्या भावाला, रूबेनला, सांतोवरच्या लुगनव्हिल शहरात राहूनही जमायचं. आजीनेच शिकवलं होतं. आमच्यात नवरा नवरीला घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपुढे आणतो आणि म्हणतो, "तुझ्या डोळ्यांत हिला जागा दे." त्याशिवाय ती घरची होत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी पानांत गुंडाळून भाजायच्या लापलापसाठी कंद किसता किसता आजी त्याच्याकडून हे वाक्य घोटून घेत होती. एकदा चुकला, तर म्हणाली, "जीभ लुगनव्हिललाच विसरून आलास का रे?"

दुसऱ्या दिवशी लुगनव्हिलहून नवरीकडची माणसं होडीने आली; त्यांना आमची भाषा येत नव्हती. चटया अंथरल्या, नवरीकडच्यांना रिवाजाची डुकरं देऊन झाली. आजी बोलायला लागली की तिची जीभ बाहेर येते, ते पाहून नवरीच्या बहिणी तिची नक्कल करून हसत होत्या. रूबेनने ते पाहिलं. मीही पाहिलं, आणि तेव्हाच ओळखलं की हा आता शेण खाणार.

खाल्लंच. आजीपुढे उभा राहिला आणि ओठ घट्ट मिटून म्हणाला, "तुझ्या सापांत हिला जागा दे."

आमच्या म्हाताऱ्यांत खसखस पिकली. तावुईकाका तर तोंडावर हात धरून गदगदा हलत होता. नवरीचे वडील गोंधळून इकडेतिकडे पाहू लागले. नवरीला वाटलं, आपल्यालाच हसतायत. तिचा चेहरा उतरला. मला लाजेने मान वर करवेना.

आजी हसली नाही. या एका 'म'साठी तिने जन्मभर आम्हाला टपल्या मारल्या होत्या. तिने नवरीचा हात धरला, ओठ मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आली गं, माझ्या सापांत आली."

हसणं जागच्या जागी थांबलं. आजी म्हणाली म्हणजे तेच बरोबर. नवरीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या.

रूबेन तिच्यापाशी वाकून पुटपुटला, "आजी, तू मुद्दाम चुकलीस."

"मग काय करू? या सगळ्यांपुढे तुला एकट्याला चुकू देऊ?"

एवढं बोलतानाही तिने जीभ बाहेर काढली नाही.