बांधाखालचा बैल

गाडीची काच चार बोटं खाली करून सख्ख्या चुलतीशी बोलणारा माणूस अंबूबाईनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आणि तो निघाला तिच्याच दिराचा पोरगा, सयाजी.

"ल्हानपणी नाकाला शेंबूड आन् माझ्या चुलीपुढं ठाण," ती सुनेला सांगत होती. "आता मेला काचंतनं बोलतोय. जणू माझी थुकी उडंल त्येच्यावर."

"उडतीयाच की, आत्याबाई," म्हणत रेश्मानं भाकरी उलटायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

कडेगावच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वस्ती. वर डोंगरावर सयाजीचं खडी क्रशर. तिथं दगड भरडून वाळू करायचे, ती धुवायचे आणि धुतलेलं राखाडी पाणी एका तळ्यात सोडायचे. तळं अडवलं होतं मातीच्या बांधानं. भरत आलं की सयाजी त्यातलाच वाळलेला गाळ उपसून बांधावर चढवायचा. बांध उंचीला वाढला, अंगानं भरला नाही. खाली ओढा, आणि ओढ्याच्या काठाला अंबूबाईचं घर, गोठा, ऊस अन् भावकीची घरं.

औंदा भर उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला आणि अंबूबाईच्या उसाच्या सरीत मात्र राखाडी पाणी पाझरायला लागलं. तिनं पायताण चढवलं. सरपंच म्हणाला, "खाजगी जागा हाय काकी, पंचायतीचा हात पोचत न्हाई." तलाठ्यानं खाण खात्याच्या साहेबांकडं बोट दाखवलं. साहेब आले. चकचकीत बुटांनी बांधाच्या माथ्यावरनं चालले, क्रशरवर चहा घेतला. खालनं बघा म्हटल्यावर म्हणाले, पुढच्या वेळी.

सयाजीला तिनं एकच गोष्ट हजारदा सांगितली. "पंप लाव आन् तळ्यातलं पाणी जुन्या खाणीच्या खड्ड्यात सोड. पावसाच्या आदी."

काचेच्या फटीतून दरवेळी तेच उत्तर. "डिझेल केवढ्याला हाय, ठावं हाय का काकी? बांध पक्का हाय. वरनं हत्ती चालवा."

"हत्ती कुठनं आणू रं, मुडद्या?"

असं करता करता बैलांचा सण, बेंदूर आला. थोरली म्हणून भावकीचे बैल आधी अंबूबाईच्या दारात यायचे. सयाजीनं आपला शर्यतीचा पाखऱ्या आणला. शिंगांना हिंगूळ, पाठीवर रेशमी झूल, पुढं हलगी. सयाजी स्वतः आज पायी चालत आला होता. बैलाचा मान राखायची रीत त्याला बरोबर ठाऊक होती.

अंबूबाईनं बैलाचे खूर धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं, पोळी चारली. मग सयाजीच्या हातातला कासरा घेतला, बैल थेट आपल्या गोठ्यात नेला आणि बांधून टाकला.

"आवं काकी, काय करताय?"

"पाव्हणा हाय. ऱ्हाऊ दे पाऊस उघडंस्तवर."

"शर्यतीचा बैल हाय त्यो!"

"मग? माझा गोठा गळत न्हाई. वरनं तुझा बांध पक्का. का न्हाई?"

हलगी थांबली. शेजारचा हरिबा म्हातारा मिशीत हसला. "बोल की गड्या. पक्का हाय न्हवं?"

भावकी तोंडाकडं बघत होती. सयाजीनं छाती काढली. "पक्का म्हंजी? लोखंड! ऱ्हाऊ द्या की, कोण भितंय?"

दुसऱ्या दिवसापासनं क्रशरवरचा गडी पाखऱ्याला दूध आणि अंडी घेऊन यायला लागला.

"बैलाला अंडी आन् आपल्याला आमटी," रेश्मा म्हणाली.

"पळून दाव शर्यतीत. तुलाबी देतील."

मग पाऊस लागला. असा लागला की डोंगर दिसायचा बंद झाला. उसातल्या पाझराची धार झाली, करंगळीएवढी, मग मनगटाएवढी. क्रशरवर फोन लावला तर कुणी उचलेना. अंबूबाईनं बायका-पोरांना टेकाडावरच्या शाळेत धाडायला सुरुवात केली. लोक गोधड्या गुंडाळत होते, तेवढ्यात चिखल तुडवत सयाजी आला. पिकअप सडकेवर सोडून आला होता. गुडघ्यापर्यंत माखलेला. वाटेत हरिबाचं घर लागलं, तो थांबला नाही. डोक्यावर गाठोडं घेतलेली रेश्मा आडवी आली, तिला काही बोलला नाही. सरळ गोठ्यात शिरला.

अंबूबाई दाव्याजवळच बसली होती. गाठीवर तिचा हात.

"कुठं?"

"बैल घिऊन जातो, काकी. हितल्या वल्यात त्येचं खूर सडत्यात."

"तुझ्या घरी काय ऊन पडलंय?"

"काकी, वाद नको. सोडा. त्येला कायबाय झालं तर..."

"काय व्हणार हाय त्येला?"

गोठ्याच्या दारात माणसं गोळा झाली.

"पंप लाव. मग दावं सुटंल."

"आवं, येळ न्हाई! तुमीबी हितंच बसलाय!"

"बसलीया की. बैलाच्या शेजारी. तुज्यापरीस बरी संगत हाय."

सयाजीनं खिशातला फोन काढला. "आरं, दोन्ही पंप लावा! खाणीत सोडा पाणी! डिझेलचं काय इचारतोस, बोंबल्या, लाव म्हंतो तर लाव!"

पाऊस पत्र्यावर तडतडत होता. त्यातून डोंगरावरनं आधी एका इंजिनाची, मग दुसऱ्याची घरघर खाली आली.

"लागलं, आत्याबाई," रेश्मा म्हणाली.

अंबूबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. गाठ सोडली. पाखऱ्याच्या वशिंडावरनं हात फिरवला आणि कासरा सयाजीच्या हातात दिला. तो लगबगीनं वळला.

"थांब. ऐकून जा," ती म्हणाली, वस्तीला ऐकू जाईल अशी. "आजवर मी म्हणायची, पोराला कळत न्हाई, म्हणून आसला बांध घालून बसलाय. पर आज तू पावसात पळत आलास, आन् आलास बैलाकडं. म्हंजी तुला समदं ठावं हुतं. येडा परवडला आसता रं, सयाजी. येड्याला माफ तरी करता येतं."