दोन्ही हातांनी धरलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना, काळाठिक्कर पडलेला पत्र्याचा डबा आहे. सैबेरियातल्या लाकूडतोडीच्या छावणीत झाखार नावाच्या कैद्याने मला घडवले. छपराचा उरलेला पत्रा ठोकून त्याने माझे बूड बसवले, तारेची कडी लावली आणि म्हणाला, "रूप नाही, पण गळायचा नाही." एवढे कौतुक मला जन्मभर पुरले.

बर्फ वितळून जंगल हिरवे झाले, तेव्हा झाखार आणि त्याचा जोडीदार येफिम मला घेऊन पळाले. येफिमला घर गाठायचे होते. त्याच्या माघारी जन्मलेली लेक त्याने अजून पाहिली नव्हती. दलदल तुडवत, डास मारत आम्ही चाललो. माझ्यात कधी आळंबी शिजे, तर कधी नुसतेच पाणी.

"आज काय बेत?" येफिम विचारी.

"कोबीचं सूप. कोबी तेवढा मनानं घाल!"

ते उपाशी दिवस मला आजही हवेहवेसे वाटतात. शेवटच्या घोटावरून दोघे रोज भांडत, आणि भांडण असे ते 'तूच पी' म्हणून.

पुढे एका नदीकाठी झाखार तापाने गेला. येफिम त्याच्याजवळ बसून ढसाढसा रडला आणि मला उचलून एकटाच निघाला.

चालता चालता रेनडिअर पाळणाऱ्यांचा तंबू लागला. दारातल्या अगाफ्या आजीने त्याला नीट न्याहाळले.

"छावणीतून पळालास ना रे?"

"छे हो आजी! मी लाकडाचा व्यापारी."

"असा फाटका व्यापारी? आणि हात पाठीमागे बांधून चालतोस?"

छावणीत तसेच चालावे लागे. नाहीतर पहारेकरी गोळी घालत. पहारा मागे राहिला, सवय मात्र बरोबर आली होती. आणि पुढे नदी ओलांडायची, तर नावेच्या धक्क्यावर शिपाई उभा होता.

"तुला धरून दिलं तर पिठाचं पोतं मिळेल," आजी म्हणाली, "पण असल्या पिठाची भाकरी घशाखाली उतरत नाही बाबा."

तिने त्याला तंबूपुढे चालायला लावले. चार पावले बरी पडत, मग हात पुन्हा पाठीशी. "अरे मेल्या, गेले बघ परत!" शेवटी तिने मला दुधाने काठोकाठ भरले. "दोन्ही हातांनी धर. दूध सांडलंस, तर मीच तुला धरून देईन!"

धक्क्यावर शिपाई ओरडला, "थांब!" येफिम जागीच थबकला, माझ्यातले दूध हिंदकळले. शिपायाने आत डोकावून पाहिले.

"भरलेलं भांडं सामोरं आलं! आज दिवस चांगला जाणार. जा बाबा, सांभाळून."

किती तरी दिवसांनी येफिम आपल्या फाटकाशी पोहोचला. तेव्हाही तो मला दोन्ही हातांनी धरून होता. अंगणात एक छोटी मुलगी त्याच्याकडे टकमक पाहत होती. त्याने मला खाली ठेवले. लेकीला उचलायला दोन्ही हात लागतात.

आता मी कोंबड्यांच्या खुराड्यात पडून आहे. बुडाला गंज चढला आहे, कोणी घासत नाही. मला त्याचे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण मागणे माझ्यासाठी नाही. म्हातारा येफिम अजूनही कधी कधी हात पाठीशी बांधून अंगणात फिरतो आणि गल्लीतली मुले त्याची नक्कल करून हसतात. मित्रांनो, असा कोणी दिसला तर हसू नका. त्याच्या हातात काहीतरी द्या. काहीच नसेल, तर आपला हात द्या.