कारणाचा रकाना

काउंटरवर सीपीयू ठेवणाऱ्या माणसाकडे शितलने आधी पाहिलंच नाही. तिने पाहिलं ते डब्यावर चिकटवलेल्या कागदाकडे. त्यावर तलासरी नाक्यावरच्या एका सुविधा केंद्राचं नाव होतं. मग मान वर केली. मिथुनच होता. पोट थोडं सुटलं होतं, बाकी तोच. त्याने मात्र तिला ओळखलं नाही. ओळखायचं कारणही नव्हतं. रानशेतहून डहाणूला येऊन कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसणारी बीएस्सी झालेली मुलगी त्याने कशाला लक्षात ठेवली असती?

"अपडेट होतच नाही, मॅडम. पस्तीस टक्क्यांपर्यंत जातं, मशीन बंद-चालू होतं, मग बोलतं बदल मागे घेतोय. आठ दिवस हाच तमाशा. सोमवारपर्यंत नवीन सिस्टिम पडली नाही तर पोर्टलवरून मला काढून टाकणार." तो दुकानाच्या मालकीणबाईंकडे वळला. "आणि दक्षाबेन, तुमचं ते कार्ड पण पाहिजे. काय बिघडलेलं ते लिहून, सही करून. वरच्या ऑफिसला त्याशिवाय चालत नाही."

"मळेल, मळेल. शितल लिहून देईल," दक्षाबेन त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाल्या.

ते कार्ड म्हणजे या दुकानाची जुनी रीत. दक्षाबेनचे यजमान रेडिओ दुरुस्त करायचे तेव्हापासूनची. तीन रकाने: तक्रार, कारण, उपाय. खाली गिऱ्हाइकाची सही, आणि कार्बनची प्रत दुकानात. दुसरीकडे लोक नुसतं 'ठीक केले' लिहून मोकळे होतात, आणि वरचं ऑफिस ते परत पाठवतं. शितलला मधला रकाना आवडायचा. कारण सापडल्याशिवाय तो भरायचा नाही, हा तिचा नेम होता.

"दोन तासांनी या," ती म्हणाली.

तो गेला आणि तिने स्क्रू काढायला घेतले. मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. अकरा जुलै दोन हजार चोवीस. तिची धाकटी बहीण हिरू नर्सिंगच्या प्रवेशाचे कागद चढवायला याच माणसाकडे गेली होती. शेवटचा दिवस, मुदत संध्याकाळी सहाची. जातीचा दाखला आदल्या दिवशीच हातात पडला होता. मिथुनने सगळे मूळ दाखले स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतले आणि म्हणाला, "अपडेट लागलंय. मशीनला हात लावता येत नाही. बस बाहेर, झालं की घेतो." मग शटर ओढलं, कुलूप लावलं आणि मोटारसायकलवर बसून निघून गेला. दाखले आत, त्यामुळे हिरूला दुसऱ्या केंद्रातही जाता येईना. ती पायरीवर बसून राहिली. फोन केला की तो म्हणायचा, "होतंय, होतंय." आला तेव्हा सव्वासहा वाजले होते.

शितलने तक्रार केली. मिथुनने लेखी खुलासा दिला: 'सकाळी अकरा ते सायंकाळी सहा मशीनवर अपडेट चालू असल्याने नाइलाज झाला.' तक्रार निकाली निघाली. घरी आई म्हणाली, दगडासारखी बसून राहिली, दुसरी असती तर शटर फोडलं असतं. हिरूने ते खरं मानलं. आता ती फुग्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते आणि नर्सिंगचा विषय निघाला की उठून बाहेर जाते.

डिस्क पुसून टाकायला एक आज्ञा पुरली असती. शितलच्या मनात ते आलं, आणि आवडलंही. पण मग त्या दिवसाचा काही माग आत असलाच तर तोही गेला असता.

तिने नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. डिस्कवर जागा होती. सिस्टिमच्या फाइली शाबूत होत्या. अपडेटची सेवा तिने हाताने चालू केली, मशीन पुन्हा सुरू केलं, तर ती बंद. परत चालू केली, परत बंद. म्हणजे कुणीतरी आतून बंद करत होतं. शोधता शोधता एक फुकटचा प्रोग्रॅम सापडला, अपडेट कायमचं रोखणारा. कामात अडथळा नको म्हणून मिथुनने कधीतरी तो टाकला असणार. अर्धं अपडेट बसायचं, मशीन बंद-चालू व्हायचं, तो प्रोग्रॅम जागा होऊन सेवा बंद करायचा आणि अपडेट मागे फिरायचं.

कधी टाकला? वीस फेब्रुवारी दोन हजार चोवीस.

तिने अपडेटची यादी उघडली. शेवटचं अपडेट एकोणीस फेब्रुवारीचं. त्यानंतर थेट गेल्या आठवड्यातले फसलेले प्रयत्न. जुलैत काहीच नव्हतं.

मग त्या दिवशी मशीन करत काय होतं? मशीन कधी सुरू झालं, कधी बंद झालं याची नोंद सिस्टिम ठेवते, पण जागा भरली की जुन्या नोंदी पुसत जाते. शितल खाली खाली सरकत गेली. दोन हजार पंचवीस संपलं. डिसेंबर, ऑक्टोबर, ऑगस्ट. सगळ्यात जुनी नोंद नऊ जुलैची निघाली. दोन दिवसांनी वाचलं होतं.

अकरा जुलै. सुरू, नऊ बारा. बंद, अकरा चौतीस. वापरणाऱ्याने स्वतः केलेलं. पुढची नोंद बारा जुलैच्या सकाळची.

तिने प्रोग्रॅम काढला, अडकलेल्या फाइली साफ केल्या, अपडेट लावलं. ते पस्तीसच्या पुढे गेलं आणि शंभरावर थांबलं. तोवर तिने कार्ड भरून ठेवलं; कारणाच्या रकान्यात प्रोग्रॅमची तारीख, शेवटच्या अपडेटची तारीख आणि अकरा जुलैच्या दोन्ही वेळा.

मिथुन आला, स्क्रीन बघून खूश झाला. मग कार्ड वाचू लागला आणि मधल्या रकान्यावर अडकला.

"हे अकरा जुलैचं काय मध्येच?"

"मशीन कधीपासून अपडेटविना आहे ते तपासताना सापडलं."

"त्याचा काय संबंध?"

"तुमचा खुलासा आहे त्या तारखेचा. प्रत माझ्या घरी आहे. हिरूच्या तक्रारीवरचा."

"कोण हिरू?"

तो विसरला असेल हे शितलने धरलंच नव्हतं. "पायरीवर बसवून गेलात ती."

त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "अच्छा, ती. तू तिची... अरे, त्या दिवशी नरपडला मॅच होती, फायनल. सगळेच गेलेले. एका दिवसाने काय... बेन, समजवा ना हिला. व्हायरस लिही म्हणावं."

दक्षाबेननी चष्मा लावून कार्ड वाचलं, स्क्रीनवरच्या नोंदी वाचल्या. "यात खोटं काय छे, ते दाखव. मी खोडते."

त्याने कार्ड काउंटरवर ठेवलं.

"कार्ड नको असेल तर नका घेऊ, मिथुनभाऊ," शितल म्हणाली. "मशीन ठणठणीत आहे."

"कार्डाशिवाय सोमवारी माझं केंद्र जाईल!"

"हो."

"आणि हे लावलं तर खोटा खुलासा दिला म्हणून जाईल!"

"कदाचित. सोमवारी मात्र नक्की."

"तुझ्या बहिणीचा यंदाचा फॉर्म मी स्वतः भरतो. एक पैसा घेणार नाही. बोल."

"तिचे दाखले ती आता कुणाच्या टेबलावर ठेवत नाही. पेन देऊ?"

त्याने सही केली, इतकी दाबून की कार्बनच्या प्रतीवर ती वरच्यापेक्षा ठळक उमटली. मग सीपीयू उचलून बाहेर पडला.

"शांती झाली?" दक्षाबेननी विचारलं.

"अर्धी," शितल म्हणाली. प्रतीचा फोटो काढून तिने हिरूला फोन लावला. कारखान्यात जेवणाची सुट्टी होती. तिने सगळं क्रमाने सांगितलं.

पलीकडे बायकांचे आवाज होते, ते मागे पडले. मग हिरू म्हणाली, "म्हणजे आत काहीच चालू नव्हतं?"

"काहीच नाही. बंद करून गेला होता."

"मी दर तासाला शटरला कान लावत होते, ताय. आवाज यायचा. मला वाटायचं, होतंय."

"शेजारी आइसक्रीमवाला आहे. त्याचा फ्रीज असेल."

"हां." पुढचं बोलताना हिरूचा आवाज शितलला नवा वाटला, धारदार. "तक्रार परत घाल. माझ्या नावाने. आणि सुनावणी लागली की मला सांग, खाडा करून येईन. त्याच्या समोरची खुर्ची पाहिजे मला."