फक्त शाकाहारी

सोमनाथरावांच्या फाटकावर पाटी होती : 'खोली भाड्याने देणे आहे. फक्त शाकाहारी.' आता खरं सांगायचं तर छावणीच्या बाजारातून मटण आणल्याशिवाय या माणसाचा एक रविवार गोड होत नसे. पण पाटीवरचा तो शब्द खाण्यापिण्यासाठी नव्हताच. आडनाव ऐकून तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून ही सोय. सापही मरतो, काठीही तुटत नाही.

सोमवारी मेघा खोली बघायला आली. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, मूळची सिल्लोडकडची. खोली तिला आवडली आणि ती सोमनाथरावांना. त्यांनी बायकोला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. मग सवयीनं विचारलं, "आडनाव काय म्हणालीस?"

"साळवे."

सोमनाथराव या कामात मुरलेले. "काय हाय बाई, आमच्या घरात तुळशीची माळ हाय. मटण-मच्छी अजिबात चालत नाय. पाटी वाचलीच असशील."

"मी घरात नाही आणणार काका. कॉलेज इथून जवळ पडतं. तीन आठवडे झाले, खोलीसाठी फिरतेय."

"वाससुद्धा चालत नाय बघ."

ती समजली. चपला घालायला पायरीवर आली तर तिथं कुंडी होती. पुण्याच्या लेकानं, अभयनं, वडिलांच्या वाढदिवसाला पाठवलेलं माशीखाऊ झाड. माशी बसली की पानं जबड्यासारखी मिटायची. सोमनाथरावांचा त्याच्यावर लई जीव, पण महिनाभर ते सुकत चाललं होतं.

मेघानं वाकून एक काळं पडलेलं पान नखानं उघडलं. आत मटणाचा तुकडा होता, हळदीसकट.

ती हसली असती तरी बरं झालं असतं. "काका, ह्याला मटण पचत नाही, आतच सडतं. बारकी माशी घाला. अन् बोअरचं पाणी बंद करा, एसीचं गळतं ते घाला. जगेल."

एवढं बोलून तिनं फाटक नीट लावून घेतलं. आतून चहा आला. सोमनाथरावांनी कप तसाच पायरीवर ठेवला. इतकी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती.

तिनं सांगितलं तसं त्यांनी सगळं केलं. महिन्याभरात नवी पानं आली, आतून लालचुटूक. त्यांनी फोटो लेकाला पाठवला.

"भारी पप्पा! कुणी सांगितलं?"

'यूट्यूबवर बघितलं' असं लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं, "साळवे मॅडमनी. खोली बघायला आल्या होत्या. मी दिली नाय."

"का?"

 सोमनाथराव उठून फाटकापाशी गेले, पाटीचा फोटो काढला आणि पाठवून दिला.

दोन निळ्या खुणा उमटल्या. पाटी काढून ते पायरीवर येऊन बसले, मोबाइल हातात धरून. लेकाचं उत्तर आलं नाही.