नामाच्या तळव्याखाली

मित्रांनो, मी एक जुना खारबांध आहे आणि नामाच्या उजव्या पायाचा अंगठा कापावा लागला.

असे काहीही झालेले नाही. बोटे दहाच्या दहा आहेत. पुढे चला.

माझा जन्म धरमतरच्या खाडीकाठी, चिखलातून झाला. एका अंगाला खारे पाणी, दुसऱ्या अंगाला भातशेती, मध्ये मी. पूर्वी दरवर्षी घरटी एक माणूस माझ्या डागडुजीला येई. आता सगळे कंटेनर चालवतात. उरला नामा.

मी दोन किलोमीटर लांब आहे आणि खेकड्याला घाबरतो. हसू नका. त्याने पाडलेले भोक बोटाएवढे असते. उधाणाचे पाणी शिरले की त्यातून बैल जाईल. म्हणून नामा रोज सकाळी अनवाणी चाले. पोकळ जमीन चपलेला कळत नाही, तळव्याला कळते. पाय थबकला की चिखलाचा गोळा आत. गावाने एकदा नारळ देऊन त्याचा सत्कारही केला.

मग एके दिवशी तो भोकावरून सरळ चालत गेला.

मी गारठलो. त्याला मधुमेह होता आणि तळव्यांची जाण गेली होती. आठवड्याने चिखलातल्या कालवाच्या धारदार शिंपल्याने त्याच्या उजव्या पायाचा अंगठा चिरला. रक्त मला लागले. त्याला पत्ता नाही. न्याहारीला बोलवायला आलेल्या सखुबाईने, त्याच्या बायकोने, लाल ठसे पाहिले.

"बांधाची भोकां दिसतान तुमाला," ती म्हणाली. "तुमचं तलवं कोन बघील?"

"दुखत नाय मना. दुखत नाय तं बघू कशाला?"

मला त्याचीच भीती वाटली. भोक पडताना मलाही दुखत नाही.

रोज तळवे बघा म्हणून सून हेमालीने त्याला आरसा दिला. नामाने तो काठीला बांधला आणि न वाकता माझ्या खाडीकडच्या अंगाची भोके शोधली. बेचाळीस सापडली. माझी तब्येत इतकी ठणठणीत कधीच नव्हती. इकडे अंगठ्याच्या ठशावर माशा बसू लागल्या.

मग दीड महिना तो आलाच नाही.

काल आला. दवाखान्याची मऊ चप्पल हातात, पाय उघडे. डाव्या ठशात बोटे पाच. उजव्यातली मी मोजली नाहीत.

मित्रांनो, दुखत नाही तेव्हाच बघायचे असते. नामाच्याने ते होत नाही, म्हणून हा अर्ज:

मा. संबंधित अधिकारी यांस, सविनय विनंती की श्री. नामा यांचे दोन्ही तळवे, सर्व नऊ बोटांसह, माझ्या लांबीत समाविष्ट करून त्यांची रोज पाहणी व्हावी. आरसा उपलब्ध आहे. तो चुकून माझ्या सेवेत आहे, काढून घ्यावा.

आपला विश्वासू,
बांध